डाव्या हाताला ठेवलेलं पुस्तक

एजंट विम्याचा असतो, घराचा असतो, प्रवासाच्या तिकिटांचा असतो, एवढं मला ठाऊक होतं. पुस्तकाचाही असतो असं लेकीनं सांगितलं तेव्हा मी भाजी चिरता चिरता हसले. तिला ते अजिबात आवडलं नाही.

“हसण्यासारखं काय आहे त्यात? चांगल्या लेखकांना एजंट असतात. ते प्रकाशक शोधतात, करार करून देतात, सगळं तेच बघतात.”

“आणि मी काय करायचं?”

“तू गप्प बसायचं. जमलं तर.”

ते मला आजवर जमलेलं नाही. एकोणतीस वर्षं मी एका छापखान्याच्या बांधणी खात्यात आहे आणि तिथल्या यंत्रांच्या खडखडाटात ज्याचा आवाज बसतो त्याचं कुणी ऐकत नाही. माझा अजून बसलेला नाही. त्यातली शेवटची चार वर्षं मी रोज जेवणाच्या सुट्टीत, दोन घास पोटात ढकलून, पाठकोऱ्या कागदांवर एक पुस्तक लिहिलं. लेकीनं ते टाइप केलं. सगळं मिळून दोनशे आठ पानं झाली. कुणाला विचारून लिहायला बसले नव्हते आणि कुणी नको म्हटलं असतं तर उठलेही नसते.

पुस्तक मावशीबद्दल आहे. मावशी माझी सख्खी नव्हे, सगळ्या खात्याची मावशी. मी कामाला लागले तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती, आणि तिच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. त्या तीन बोटांत ती फर्मा असा धरायची की माझ्या पाच बोटांना लाज वाटावी. फर्मा म्हणजे छापलेला मोठा कागद तीनदा दुमडून होणारा सोळा पानांचा जुडगा. असे फर्मे एकावर एक रचायचे, दोऱ्यानं शिवायचे, खळ लावून कव्हर चिकटवायचं आणि पुस्तक आपल्या डाव्या हाताला ठेवून द्यायचं. तिथून ते कटिंग मशीनवाला उचलतो आणि तिन्ही बाजूंनी कापतो, तेव्हा कुठं पानं सुटी होतात. पण ते त्याचं काम. “डाव्या हाताला ठेवलं की आपल्यापुरतं संपलं,” मावशी सांगायची. “मागं वळून बघायचं नाही. पुढचं घे.”

दुसरा नियम तिनं पहिल्याच दिवशी कानाला चिमटा काढून सांगितला होता. टेबलावर वाचायचं नाही. वाचत बसलीस की फर्म्यांचा क्रम चुकणार. त्यामुळे मावशीनं चाळीस वर्षांत हजारो पुस्तकं शिवली आणि एकही वाचलं नाही. घरी गेल्यावर कुठलं पुस्तक आणि कुठलं काय. घरी चूल होती, सासू होती, आजारी नवरा होता. आता त्यातलं कुणी उरलं नाही. मावशी पंचाहत्तर वर्षांची आहे, एका खोलीत एकटी राहते, आणि तिच्या डोळ्यांना बरोबर मधोमध एक डाग पडत चाललाय. डॉक्टरांनी मलाच बाहेर बोलावून सांगितलं. सहा महिने, फार तर वर्षभर ती भिंगातून अक्षरं वाचू शकेल. पुढं माणूस ओळखेल, दार ओळखेल, अक्षर नाही.

मी टाइप केलेले कागद घेऊन तिच्याकडं गेले होते. तिनं हातही लावला नाही.

“हे पुस्तक आहे का?”

“पुस्तकच आहे, मावशी. फक्त बांधलेलं नाही.”

“मग नाही. बांधून, छापून आण. मग वाचते.”

“मी वाचून दाखवू का?”

“मी काय तान्ही आहे? जन्मभर लोकांची पुस्तकं शिवली, एक तरी मी माझ्या डोळ्यांनी वाचणार. तेही माझ्यावरचं. घाई कर मात्र, पोरी.” मी चोपन्न वर्षांची आहे. तिच्यासाठी पोरगीच.

म्हणजे प्रश्न असा सरळ होता. पुस्तक छापायचं आणि मावशीचे डोळे आहेत तोवर छापायचं. मला वाटलं होतं, आपलाच छापखाना, आपलेच हात. मालकांना विचारू, रविवारी छापू, मोकळे होऊ. लेकीनं ते ऐकून डोक्यावर हात मारून घेतला.

“आई, स्वतःच छापलेल्या पुस्तकाला कुत्रंसुद्धा विचारत नाही. कॉटखाली गठ्ठे पडतील. लोक तोंडावर छान म्हणतील आणि पाठ फिरली की हसतील. स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेणं आहे ते.”

“माझी पाठ, माझा हात. लोकांचं काय जातं?”

“तुला कळत नाहीये. कुणीतरी बाहेरच्यानं म्हणायला हवं की हे चांगलं आहे.”

हे मात्र मलाही आतून हवं होतं. खोटं कशाला बोलू? छापखान्याच्या बाहेरच्या, चांगल्या कपड्यांतल्या, पुस्तकातलं कळणाऱ्या एखाद्या माणसानं मला म्हणावं की बाई, तुम्ही लिहिलंत ते पुस्तक आहे. रात्रंदिवस दुसऱ्यांची पुस्तकं शिवणाऱ्या बाईला हे वाटणं काही गुन्हा नाही. मी म्हटलं, ठीक आहे, एकदा पाठवून बघू.

एजंटच्या कार्यालयाची अट होती की पूर्ण हस्तलिखित कागदावर पाठवा, सुट्या पानांत, सोबत एकपानी सारांश. शनिवार शेवटची तारीख. सुट्या पानांत! मी पाठवू सुटी पानं? सुतारानं कुणाकडं नुसत्या फळ्या पाठवल्यासारखं झालं ते. मालकांची परवानगी काढली, छपाईवाल्याकडून एका प्रतीपुरते तेरा फर्मे काढून घेतले, शनिवारी सुट्टीच्या वेळात बसून ते दुमडले, शिवले, खळ लावली, साधं राखाडी कव्हर चढवलं. इतकी सरळ शिलाई मी लग्नाच्या पोलक्यावरही घातली नव्हती. लेक पुस्तक न्यायला आली होती. तिनं ते उचललं, कागदात गुंडाळलं आणि टपालात टाकून आली.

सोमवारी कटिंग मशीनवाला माझ्या टेबलापाशी आला. त्याला आम्ही खटका म्हणतो, कारण यंत्राचा खटका दाबल्याशिवाय त्याचं तोंड उघडत नाही. शनिवारी त्याच्या मशीनचं पातं धार लावायला गेलं होतं.

“पातं आलं,” तो म्हणाला. “आण तुझं पुस्तक, कापून देतो.”

पुस्तक शिवून मी डाव्या हाताला ठेवलं होतं. एकोणतीस वर्षांच्या सवयीनं ठेवलं, माझ्यापुरतं ते संपलं आणि लेकीनं ते तिथूनच उचललं. कापलंच नव्हतं. सगळ्या घड्या बंद. अशा फर्म्यातली सोळांपैकी चार पानं तेवढी धड उघडतात. बाकीची घडीच्या पोटात. बाकी कुणाच्या हातून हे झालंच नसतं. त्यांनी आपली सुटी पानं रबर लावून पाठवली असती.

मी लाजेनं अर्धी झाले. एवढी मोठी बांधणीवाली, आणि न कापलेलं पुस्तक पाठवते! लेकीला म्हटलं, माफीचं पत्र लिहू या. ती म्हणाली, “काही नको. वाचायचं असेल तर कापतील. सुरी काय सगळीकडं असते.” पुढचे पाच आठवडे माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, की कुणी सुशिक्षित माणूस हातात सुरी घेऊन माझी एकेक घडी कापतोय आणि प्रत्येक घडीला मला शिव्या घालतोय. खटका येता-जाता विचारायचा, “शिव्या पोचल्या का?”

सहाव्या आठवड्यात पत्र आलं. एजंटनं लिहिलं होतं की पुस्तक त्यांनी एका बैठकीत वाचून काढलं, शेवटच्या पानापर्यंत खाली ठेवता आलं नाही, आणि मला भेटायला बोलावलं होतं. लेक पत्र घेऊन घरभर नाचली. मी ते चार वेळा वाचलं. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. माझी चूक पदरात घेऊन, घड्या कापत बसून त्या माणसानं अख्खं पुस्तक वाचलं होतं. मी त्याला मनातल्या मनात हात जोडले.

कार्यालय चौथ्या मजल्यावर होतं. काचेची दारं, कुंड्यांतली झाडं, भिंतभर पुस्तकं. त्यातली दोन आमच्याच टेबलावरून गेलेली होती, शिलाईवरून ओळखली. एजंट चाळिशीचा, नीटनेटक्या दाढीचा, बोलायला गोड माणूस. त्यानं चहा मागवला.

“ताई, काय लिहिलंय तुम्ही! मी इतक्या वर्षांत असं काही वाचलेलं नाही.”

लेकीनं माझ्याकडं बघितलं. सांगितलं होतं ना, असा चेहरा. मला मात्र टेबलावर माझं राखाडी पुस्तक दिसलं होतं आणि माझं लक्ष चहावरून उडालं. लांबूनही पुस्तकाची कड कळते, तीच तर माझी भाकरी. पहिल्या फर्म्याच्या घड्या कुणीतरी बोट घालून फाडल्या होत्या, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. त्यापुढचे बारा फर्मे जसेच्या तसे होते. मी दाबून बसवलेल्या घड्या, तशाच बंद.

आधी मला वाटलं की मी चुकीचं बघतेय. मग वाटलं की दुसरी प्रत असेल. पण दुसरी प्रत कुठून असणार? मी एकच शिवली होती.

तो बोलतच होता. पहिलं प्रकरण थोडं रेंगाळतं, तीन-चार पानं कमी करा. हे त्याचं खरं होतं. नाव बदलू. आणि तिसरी गोष्ट शेवटाची.

“शेवट फार गार आहे, ताई. मावशी आपली सुई तुमच्या हातात देते आणि चहा प्यायला निघून जाते. एवढंच? वाचकाच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. मावशी शेवटी गेली पाहिजे.”

“गेलीच की. चहाला.”

“तसं नव्हे. वारली पाहिजे.”

“पण ती जिवंत आहे.”

“पुस्तकात म्हणतोय मी,” तो हसला. “तेवढं केलंत की मला तीन प्रकाशक दिसतायत. हा आपला करार. आज सही झाली तर पुस्तक दोन वर्षांत हातात येईल. अडीच धरा.”

त्यानं कागद माझ्यासमोर सरकवला, वर पेन ठेवलं. टेबलाखाली लेकीचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि ती तो दाबत होती. “आई, सही कर,” ती हळूच म्हणाली. “शेवटाचं नंतर बघू.”

मी पेन उचललं. उचललं हे कबूल करते. मग म्हटलं, “एक विचारू? मावशीचा तो सहीचा प्रसंग तुम्हाला कसा वाटला?”

“अप्रतिम!” तो लगेच म्हणाला. “सही करतानाची तिची घालमेल, तो हात थरथरणं... तिथं तर मी पुस्तक मिटून दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.”

माझ्या गुडघ्यावरचा हात निघाला.

“तिनं सही केली नाही,” लेक म्हणाली.

“काय?”

“मावशीनं सही केली नाही. मी टाइप केलंय ते. कटिंग मशीनवर तिला जबरदस्तीनं उभं केलं होतं, त्यात तिची दोन बोटं गेली आणि तेव्हाच्या मालकानं लिहून आणलं की चूक तिचीच. नोकरी जाईल म्हणून धमकावलं. सगळे सांगत होते, सही कर. तिनं केली नाही. अख्खं पुस्तक त्यावरच आहे.” बोलता बोलता तिचा आवाज चढला. मग तिची नजर टेबलावरच्या पुस्तकाकडं गेली. लहानपणी शाळा सुटली की ती आमच्या खात्यात येऊन कागदाच्या ढिगावर बसायची. बंद घडी काय असते हे तिला सांगावं लागत नाही. तिनं पुस्तक ओढून घेतलं, अंगठ्यानं कड चाळली, आणि तिचा चेहरा असा उतरला की मला त्या माणसापेक्षा तिचंच जास्त वाईट वाटलं.

एजंट गोरामोरा झाला, पण त्याला बोलायला सुचलं. “हे बघा ताई, आठवड्याला माझ्याकडं साठ-सत्तर हस्तलिखितं येतात. सगळी पूर्ण वाचणं कुणालाच शक्य नाही. पहिल्या सोळा पानांवरून, शेवटच्या पानावरून आणि सारांशावरून मला कळतं. आणि ती सोळा पानं मला खरंच आवडली. हे खोटं नाही.”

ते खोटं नव्हतं, त्याच्या तोंडावरून दिसत होतं. मला त्याचा तेवढा राग नव्हता. “मग पत्रात तेवढंच लिहायचं होतं,” मी म्हटलं. “सोळा पानं वाचली, आवडली. मी त्यावरही खूश झाले असते.”

“पण विचार करा. छापता कुणालाही येतं. तुम्ही छापाल, पण ते लोकांपर्यंत पोचणार कसं?”

“तुमच्यापर्यंत तरी कुठं पोचलं? महिनाभर तुमच्याच टेबलावर पडून होतं.”

मी उभी राहिले. “मावशी मरणार नाही. माझ्या पुस्तकात तर नाहीच, आणि तुमच्या सोयीसाठी मुळीच नाही. ज्या बाईनं दोन बोटं गेल्यावर सही केली नाही, तिच्या पुस्तकावर मी दहा बोटं शाबूत असताना असली सही करू? तिला मी तोंड कसं दाखवू?”

पेन त्याच्यासमोर ठेवलं. करार उचलून टेबलावर माझ्या डाव्या हाताला ठेवला. पुस्तक लेकीच्या हातातून घेऊन पिशवीत टाकलं. चहा मात्र पिऊन निघाले, चांगला होता.

जिन्यात लेक पायरीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. “मला एवढंच वाटत होतं की कुणीतरी तुला मोठं म्हणावं.”

“मलाही तेच वाटत होतं,” मी तिच्याशेजारी बसत म्हटलं. वर-खाली जाणारे लोक अंग चोरून जात होते. शेवटी तिनं नाक पुसलं.

“कॉटखाली किती गठ्ठे मावतील?” तिनं विचारलं.

पुढचे पाच रविवार आमच्या खात्यात दिवे लागले. मालकांनी तोंड वाकडं केलं, पण किल्ल्या दिल्या. तीनशे प्रती काढायच्या ठरल्या. पहिल्या प्रकरणातली तीन पानं मी काढून टाकली, कारण चांगला सल्ला कुणाच्याही तोंडून आला तरी चांगलाच असतो. शेवटाला हात लावला नाही. शेजारच्या टेबलांवरच्या बायका आपल्या डब्यांसकट आल्या, फर्मे दुमडायला बसल्या, आणि माझ्या शिलाईत खोडी काढत राहिल्या. लेक कव्हरं चिकटवत होती. पहिल्या रविवारी तिनं निम्मी तिरकी लावली, दुसऱ्या रविवारी चार.

सगळा ढीग तयार झाला तेव्हा खटका बाह्या सरसावून मशीनपाशी उभा राहिला. “दे.”

“कापायचं नाही,” मी म्हटलं.

“डोकं ठिकाणावर आहे ना?”

“आहे. अशीच विकायची. घड्या बंद. प्रत्येक पुस्तकात कापायला पुठ्ठ्याची एक पट्टी घालू. ज्याला वाचायचंय तो कापेल. ज्यानं कापलं नाही, त्यानं वाचलं असं कुठं सांगायचं नाही.”

खटक्यानं मशीनचं बटण बंद केलं आणि हातानंच पट्ट्या कापायला घेतल्या. एरवी दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस त्या दिवशी घरी जाईपर्यंत हसत होता.

कोपऱ्यावरच्या वह्यांच्या दुकानदारानं वीस प्रती ठेवून घेतल्या. एका वाचनालयानं प्रत परत पाठवली, सदोष आहे म्हणून. मी तीच प्रत पट्टीसकट पुन्हा पाठवली आणि लिहिलं, सदोष नाही, न वाचलेली आहे. ती परत आली नाही. लेकीच्या कार्यालयातल्या एका बाईनं सांगितलं की ती रोज चहाबरोबर एक फर्मा कापते आणि तिला तो आवाजच आवडायला लागलाय. आणि हो, कॉटखाली गठ्ठे आहेत. एकशेदहा प्रती. लेकीचं तेवढं खरं झालं. कुणी हसतही असतील; माझ्या कानांपर्यंत आलेलं नाही आणि आलं तरी मी कान बंद करून बसणारी नव्हे.

पण हे सगळं नंतरचं. पहिली प्रत मी मावशीला नेऊन दिली होती.

तिनं ती नाकाशी धरली, खळीचा वास घेतला. पाठ दाबून बघितली, शिलाईवरून अंगठा फिरवला. वरची कड चाचपली आणि थबकली. “कापलं नाहीस?”

“नाही. तुझं तू काप.”

“बरं केलंस. मशीनवाले फार खातात कागद.” तिनं भिंग पुढं ओढलं, पट्टी उजव्या हातात घेतली, पहिला फर्मा डाव्या हाताच्या तीन बोटांत धरला आणि मला म्हणाली, “जा आता तू. वाचताना मला कुणी समोर बसलेलं नको.”

अकरा दिवस मी तिकडं फिरकले नाही. बाराव्या दिवशी तिचा निरोप आला, ये म्हणून. गेले तेव्हा मावशी खिडकीजवळ उन्हात बसली होती. पुस्तक मांडीवर, पट्टी पुस्तकात. एजंटसमोर मला एवढी भीती वाटली नव्हती.

“सातव्या फर्म्याची घडी अर्धा सूत बाहेर आहे,” ती म्हणाली.

“ती शेजारच्या टेबलावरचीनं घातली.”

“नाव तुझं आहे ना पुस्तकावर? मग तूच बघायचं. आणि माझ्या सासूला तू फार सोडलंयस. इतकी बरी नव्हती ती.” मग मांडीवरचं पुस्तक नीट करत, “बाकी ठीक. मी एवढी भांडखोर होते?”

“होतीस नाही, आहेस.”

“हं,” ती म्हणाली. खूश झाल्यावर ती एवढंच म्हणते.

मी पुस्तक हातात घेतलं. घड्या इतक्या स्वच्छ कापल्या होत्या की खटक्याच्या मशीनला जमल्या नसत्या. पहिला, दुसरा, तिसरा... सगळे मी अंगठ्यानं चाळत गेले, आणि अंगठा अडला. नववा फर्मा बंद होता. त्याच्या पुढचे चारही कापलेले. मधला तेवढा मी दिला तसा. नवव्या फर्म्यात मशीन होतं, बोटं होती, लिहून आणलेला तो कागद होता आणि तिच्याभोवती उभे राहून सही कर, सही कर म्हणणारी माणसं होती. चार वर्षांतलं दीड वर्ष मी त्या सोळा पानांवर घालवलं होतं.

“मावशी, हा राहिला तुझा.”

“राहिला नाही. नाही कापला.”

“का?”

“तिथं मी होते की. ते मला वाचायला कशाला हवं?” तिनं खिडकीबाहेर बघितलं. उन्हात तिचे डोळे कुठंच टेकत नव्हते. “तुला वाईट वाटलं का?”

वाटलं होतं. ज्या पानांसाठी पुस्तक लिहिलं तीच तिनं बंद ठेवली. पण त्या राखाडी प्रतीच्या बंद घड्या आणि या बंद घड्या एक नव्हत्या, एवढं मला कळत होतं. “नाही,” मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता ते खरंच झालं.

“एक सांग मात्र,” मावशी म्हणाली. तिनं डाव्या हाताची तीन बोटं माझ्या मनगटावर ठेवली. “त्यात शेवटी मी सही करते का?”

“नाही करत.”

“कुणी सांगितलं तरी?”

“कुणी सांगितलं तरी नाही.”

“मग बरोबर आहे,” ती म्हणाली. माझ्या हातातून तिनं पुस्तक घेतलं, पट्टी काढली, कव्हरवरून एकदा हात फिरवला आणि ते आपल्या डाव्या हाताला ठेवून दिलं.